दोरीचं पुढचं टोक

लेक पेपिन म्हणजे खरं तर मिसिसिपी नदीच. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या मधून वाहता वाहता ती एका ठिकाणी इतकी रुंद होते की लोक तिला तळं म्हणू लागले. १९२२ च्या उन्हाळ्यात याच पाण्यावर लेक सिटी गावातल्या राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोराच्या डोक्यात आलं की माणूस बर्फावरून घसरतो, तर पाण्यावरून का घसरू नये? त्याने आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या. मग बर्फावरच्या स्की बांधल्या. दोन्ही बुडाल्या. शेवटी लांब फळ्या आणून त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ केली, वर वळवली, पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले आणि हातात खिडकीच्या तावदानाला वापरतात तसली दोरी घेतली. बरेच दिवस तो नुसता पाण्यात आपटत राहिला. २ जुलैला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, अंग मागे रेलून आणि स्कीची टोकं पाण्याच्या वर ठेवून तो उभा राहिला. शोध म्हणायचा तर तो त्या मागे रेलण्यात होता. राल्फने पेटंट घेतलं नाही. १९२५ मध्ये ते फ्रेड वॉलरने घेतलं. राल्फला या खेळाचा जनक म्हणून मान मिळाला तो १९६६ साली.

या सगळ्या दिवसांत बोट चालवत होता त्याचा थोरला भाऊ बेन.

मला बेनबद्दल फार वाटतं. राल्फ पडला की बोट वळवून परत आणायची, दोरी पुन्हा त्याच्या हाताशी पोचवायची, पुन्हा ओढायचं, पुन्हा तो पडणार. पाठीमागे कसरत करणाऱ्याला आपल्या अंगाचं काय चुकतंय ते अंगालाच कळतं. पुढे बसलेल्याला ते दुसऱ्याच्या अंगावरून ओळखावं लागतं. त्या उन्हाळ्यात पाण्यावर उभं राहायला एक भाऊ शिकला आणि उभं करायला दुसरा शिकला, असं मी धरून चालते. माझ्याकडे बोट शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही गोष्ट सांगते, आणि बेनचं नाव लक्षात ठेवायला लावते.

मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. उन्हाळा मात्र आखूड. बर्फ वितळून पाणी अंगाला सोसेल असं व्हायला जून उजाडतो आणि सप्टेंबरात पुन्हा हुडहुडी भरते. एवढ्या दिवसांत सगळ्यांनाच स्की करायची असते आणि बोट चालवायला कोणीच तयार नसतं. सांगलीहून आलेल्या आम्हा दोघांना हा खेळ शेजाऱ्यांनी शिकवला, तेव्हाच मला जाणवलं होतं की त्यांच्या घरातली दहा-बारा वर्षांची मुलं बोटीवर किती शांतपणे वावरतात. आमच्या घरात मग नियम झाला: ज्याला ओढून घ्यायचं आहे त्याने ओढायला शिकायचं. आमची दोन मुलं, नंतर भाची, नंतर मित्रमंडळींची मुलं, सगळी याच नियमाखाली आली.

सुरुवात मोठ्या बोटीवर कधीच करायची नाही. आमच्याकडे मासेमारीची साधी ॲल्युमिनियमची बोट आहे, मागे ९.९ अश्वशक्तीचं इंजिन, वळवायला दांडा. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते. मुलांचा पहिला दिवस या उलट्या हिशेबात जातो, आणि तो जावा. कारण त्या दांड्यामुळे जे हाताला कळतं ते स्टिअरिंगच्या चाकाने कधी कळत नाही: बोट मागून वळते. मोटारीची पुढची चाकं वळतात आणि बाकीची गाडी त्यांच्यामागे येते. बोटीत पंखा मागच्या भागाला बाजूला ढकलतो, म्हणून नाक उजवीकडे गेलं की ढुंगण डावीकडे फेकलं जातं. धक्क्यावरून निघताना घाईने चाक फिरवलं तर बोटीचा मागचा कोपरा धक्क्यावर घासतो, तो यामुळेच.

हाच नियम जिथे माणसाच्या जिवाशी येतो, तिथे मी फार वेळ थांबते. समजा पाण्यातलं माणूस बोटीच्या डाव्या बाजूला, मागच्या भागाजवळ आहे. मुलाला आतून वाटतं की चाक उजवीकडे फिरवावं, त्याच्यापासून लांब जावं. तसं केलं की पंखा नेमका त्या माणसाकडे जातो. चाक माणसाच्या दिशेने फिरवायचं, म्हणजे मागचा भाग त्याच्यापासून दूर जातो. आणि त्याच्याही आधी हात थ्रॉटलवर, न्यूट्रल. हे मी तोंडी सांगून सोडत नाही. पाण्यात लाइफ जॅकेट टाकते आणि त्याच्याभोवती मुलाला बोट फिरवायला लावते, जोवर त्याचा हात विचार न करता बरोबर दिशेला जात नाही तोवर.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड जाते. बोटीला ब्रेक नाही, हे मुलांना पटकन कळतं. पण घाबरलेलं मूल थ्रॉटल पूर्ण ओढून घेतं आणि मग चाक फिरवत बसतं, आणि बोट वळत नाही. आमच्यासारख्या बोटीत वळण्याचं बळ पंखा ढकलतो त्या पाण्यातून येतं. पंखा थांबला की चाक हातात नुसतं फिरतं. म्हणून गर्दीच्या जागी हळू जायचं, पण थोडा दाब शिल्लक ठेवायचा. ‘हळू’ आणि ‘बंद’ यांत किती अंतर आहे ते मुलाला समजलं की मी त्याला मोठ्या बोटीवर घेते.

मोठ्या बोटीवर इंजिनाला किल्ली लावण्याआधीची कामं ठरलेली आहेत आणि ती मुलानेच करायची. ड्रेन प्लग बसवला का? झेब्रा शिंपल्यासारखे उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून इथे बोट रस्त्यावरून नेताना प्लग काढून पाणी निचरून टाकणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे बोट पाण्यात सोडताना तो बसवायचा राहून जाण्याचा धोका कायमचाच. मग इंजिनाच्या कप्प्याचं झाकण उघडून पेट्रोलचा वास घ्यायचा. ब्लोअर चार मिनिटं चालू ठेवायचा. ही चार मिनिटं मुलांना फार लांब वाटतात. मी त्या वेळात काहीही बोलत नाही, गाणं लावू देत नाही. बंद कप्प्यात साठलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते, एवढं एकदा समजावून सांगितलं की ती चार मिनिटं त्यांची त्यांनी काढायची. शेवटी किल स्विचची लाल वळीदार दोरी लाइफ जॅकेटला अडकवायची. चालवणारा उडून पाण्यात पडला तर इंजिन तिथल्या तिथे बंद होतं. १ एप्रिल २०२१ पासून लहान बोटींसाठी हा इथल्या केंद्रीय कायद्याचाच नियम झाला. आमच्याकडे मोठी माणसंसुद्धा ती अडकवतात, कारण मुलं आपण काय सांगतो यापेक्षा आपण काय करतो हे पाहतात.

आता ओढणं.

पाण्यात स्कीअर गुडघे छातीशी घेऊन बसलेला असतो, स्कीची टोकं वर, दोरी दोन्ही स्कींच्या मधून. बोट अगदी सावकाश पुढे घेऊन दोरीचा ढिलेपणा काढायचा. ढिली दोरी असताना दाब दिला तर झटका बसतो आणि तो थेट खांद्यात जातो. दोरी ताणली की थांबायचं आणि स्कीअरच्या शब्दाची वाट पाहायची. आमचा शब्द सगळ्या अमेरिकेचा आहे तोच: ‘हिट इट’. ‘गो’ म्हणायचं नाही, कारण इंजिनाच्या आवाजात ‘गो’ आणि ‘नो’ सारखेच ऐकू येतात.

त्यानंतरच्या चार-पाच सेकंदांत सगळी कला आहे. सुरुवातीला स्कीअरचं अर्धं अंग पाण्याखाली असतं, स्की आडव्या पडलेल्या, पाणी त्यांच्यावर छातीठोक उभं. सगळ्यात जास्त ओढ इथे लागते. शिवाय त्याच क्षणी बोट स्वतःही धडपडत असते. तिचं नाक वर उठतं, पुढचं काही दिसत नाही, आणि लहान मुलाला तर मुळीच दिसत नाही. म्हणून उंच उशी हवीच, आणि नाक उठण्यापूर्वी समोरचं पाणी मोकळं आहे याची खात्री करून घेतलेली हवी. मग बोट पाण्यावर चढते, नाक खाली येतं, आणि जवळजवळ त्याच वेळी मागे स्कीअर उठतो. तो उठला की पाण्याचा विरोध एकदम गळून पडतो. थ्रॉटल होती तिथेच राहिली तर बोट सुसाट सुटते आणि नुकता उभा राहिलेला माणूस तोंडावर आपटतो. त्या क्षणी हात मागे घ्यायचा असतो, बोटभर. जास्त घेतला तर स्कीअर पुन्हा बुडतो.

मुलांना दाब द्यायला आवडतं. तो मागे घेणं त्यांना उशिरा येतं. माझ्या मते ओढणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे आणि स्पीडोमीटरकडे बघून ती पास होता येत नाही. धाकटीसारखं हलकं मूल दोन स्कींवर ताशी १५ मैलांच्या आसपास छान तरंगतं. मोठ्या माणसाला २० ते २५ लागतात. आकडे पाठ करता येतात. पण आकडा काट्यावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बसण्याच्या जागेला जाणवणारी बोट, इंजिनाचा बदललेला सूर आणि मागून आलेली ‘उठला!’ ही हाक, या तिन्हींवर हात चालायला हवा.

ती हाक स्पॉटरची. मिनेसोटाच्या कायद्याने मागे लक्ष ठेवायला बोटीत दुसरं माणूस हवं किंवा रुंद आरसा हवा. आम्ही दोन्ही ठेवतो, आणि माणसाला आरशापेक्षा वरचा मान देतो. चालवणाऱ्याने मान वळवून मागे बघायचं नाही. हे मुलांना सगळ्यात जड जातं, कारण गंमत सगळी मागे चाललेली असते. ताशी २० मैलांनी बोट सेकंदाला नऊ मीटर जाते. दोन सेकंद मागे पाहिलं तर अठरा मीटर पाणी न बघता कापलं. त्या अठरा मीटरांत पोहणारं कोणी असू शकतं, कयाक असू शकते, पिल्लाला पाठीवर घेतलेला लून असू शकतो. लून हा या राज्याचा पक्षी. तो दिसला की आम्ही लांबून वळसा घालतो, ओढणं थांबवावं लागलं तरी.

माझी आई एका जुलैत सांगलीहून आली होती. एवढ्याशा पोराच्या हातात एवढी बोट दिलेली पाहून तिने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं. तिच्या डोळ्यांपुढे कृष्णेचा पूर होता; पाण्याशी खेळ नको, हे तिने आयुष्यभर आम्हाला बजावलेलं. तिसऱ्या दिवशी मी तिला लाइफ जॅकेट घालून स्पॉटरच्या जागेवर बसवलं, मागे तोंड करून, आणि खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे परत धक्क्याकडे, गळ्यावरून आडवा हात म्हणजे इंजिन बंद. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले म्हणजे मी ठीक आहे. आईने त्या सगळ्या एकदाच ऐकल्या. पुढचा महिनाभर तिच्याइतका चांगला स्पॉटर आम्हाला मिळाला नाही. तिची नजर दोरीच्या टोकावरून एकदाही ढळली नाही. तिच्या ‘पडली गं!’ला नात जितक्या लवकर थ्रॉटल ओढायची तितकी माझ्या हाकेलाही ओढत नसे. आजीला वाटणारी काळजी आणि नातीच्या हातातलं काम एकमेकांना जोडलं गेलं होतं, आणि परत जाताना तिने त्या पोरीच्या हातात बोट देण्याबद्दल मला एक शब्दही विचारला नाही.

स्कीअर पडल्यावर काय करायचं, यावर आमचे निम्मे धडे खर्च होतात. आधी वेग उतरवायचा, मग वळायचं. वेगातच गर्रकन वळलं तर बोटीच्या लाटा सगळ्या तळ्याभर पसरतात. पडलेल्याच्या तोंडावर येतात आणि पुढच्या फेरीचं सपाट पाणीही नासवतात. ज्या रेषेत गेलो त्याच रेषेतून, आपल्याच शांत होत आलेल्या पाण्यातून परत यायचं. टोकाला वळताना डंबेलच्या आकाराचा वळसा घ्यायचा: थोडं बाजूला, मग गोल, मग पुन्हा जुन्या रेषेत. पडलेल्याने एक स्की पाण्यातून उभी धरायची, म्हणजे दुसऱ्या बोटींना ते डोकं दिसतं. बोट त्याच्यापाशी आणायची ती चालवणाऱ्याच्या बाजूने, म्हणजे तो एकदाही नजरेआड होत नाही. आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे वारा बोट त्याच्या अंगावर ढकलत नाही.

आणि कोणी शिडीला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद. न्यूट्रल चालत नाही. न्यूट्रलमधल्या थ्रॉटलला कोणाचा तरी गुडघा लागतो आणि पंखा फिरतो. चालवणाऱ्या मुलाने किल्ली फिरवायची आणि मोठ्याने म्हणायचं, ‘इंजिन बंद’. हे ऐकल्याशिवाय पाण्यातल्या माणसाने शिडीकडे यायचं नाही, मग तो मुलाचा बाप असो. मागच्या फळीवर इंजिन चालू असताना बसण्याचीही आमच्याकडे बंदी आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो, त्याला रंग नाही, वास नाही.

एका बाबतीत माझं इथल्या बऱ्याच कुटुंबांशी पटत नाही. मुलांना सुरुवात म्हणून लोक ट्यूब ओढायला देतात, कारण ट्यूबवर बसणाऱ्याला काही यावं लागत नाही. मला नेमकं तेच धोक्याचं वाटतं. स्कीअर कडेला जातो, आत येतो, दोरी सोडून देतो. त्याच्या पायाखाली स्की आहे. ट्यूबवरच्या माणसाच्या हातात काहीच नसतं. वळणावर ट्यूब बाहेर फेकली जाते तेव्हा तिचा वेग बोटीपेक्षा जास्त होतो, आणि ती कुठे जाणार हे पुढे बसलेला ठरवतो. त्यातून मागे बसलेली मुलं ‘अजून जोरात’ म्हणून ओरडत असतात. तेरा वर्षांच्या मुलाला त्या ओरडण्याला नाही म्हणायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. आमच्याकडे मुलं स्कीअर ओढतात. ट्यूब मोठी माणसं ओढतात, आणि हळू.

पहिल्यांदा ओढायला मी मुलाला अनुभवी मोठं माणूस देते. नवरा मागे, मूल चाकावर, मी शेजारी; हात टाकला की चाक आणि थ्रॉटल माझ्या ताब्यात येईल इतक्या जवळ. झटका बसला तरी नवऱ्याला तो गुडघ्यात जिरवता येतो. मग हळूहळू भावंडं. भांडण झालेल्या दिवशी भावाने बहिणीला किंवा बहिणीने भावाला ओढायचं नाही. हा नियम मुलांनीच सुचवला होता.

परवान्याचं बोलायचं तर १ जुलै २०२५ पासून इथला कायदा कडक झाला आहे. १ जुलै २००४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मोटरबोट चालवायला परवाना लागतो, आणि टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत ही अट मोठ्या वयाच्या लोकांपर्यंत जाणार आहे. मला हे मनापासून पटतं. दिवे, बोये, कोणी कोणाला वाट द्यायची, हे सगळं अभ्यासक्रमात नीट येतं. उठलेल्या माणसासाठी हात बोटभर मागे घेणं तेवढं बोटीवरच शिकावं लागतं.

आता थोरला सोळाचा आहे आणि धाकटी तेराची, आणि बहुतेक सकाळी दोरीच्या मागच्या टोकाला मी असते, नवरा मुलांच्या शेजारी. डोळे मिटले तरी चाकावर कोण आहे ते मला हँडलमधून कळतं. थोरला रेषा अगदी सरळ धरतो; मी जोरात कडेला कापत गेले की बोटीचा मागचा भाग माझ्याकडे ओढला जातो, तो ओढ यायच्या आधीच चाक केसभर फिरवून उभा असतो. पण उठल्यावर हात मागे घ्यायला त्याला अजून क्षणभर उशीर होतो. धाकटी उचलते इतकं मऊ की पाण्यातून कधी बाहेर आले ते कळत नाही. लांब फेरीत मात्र तिचा वेग चढत जातो. फेरी संपली की दोघांचा प्रश्न एकच असतो, ‘आई, कसं होतं?’ ‘छान होतं’ हे उत्तर त्यांना चालत नाही. कुठे, कितीने, कोणत्या वळणानंतर, हे सांगावं लागतं, आणि ते नीट सांगता यावं म्हणून मागे असतानाही माझं निम्मं लक्ष पुढच्या हातावर असतं.

काल धाकटीला सांगितलं की दुसऱ्या वळणानंतर तू दीड मैल जास्त होतीस. तिने डायरीत ते लिहून ठेवलं आणि विचारलं की बाजूचा वारा असताना बोट धक्क्याला कशी लावायची ते कधी शिकवणार. शनिवारी दुपारी वारा पश्चिमेचा असणार आहे. तेव्हा शिकवते म्हटलं.